‘श्रद्धेला पुरावा लागत नाही’ असं वादात कधी म्हणता येतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमचा आस्तिक मित्र सुरुवातीला म्हणतो, एवढं नेटकं विश्व आपोआप झालं का, याला कुणीतरी कर्ता असलाच पाहिजे. तुम्ही त्यातल्या त्रुटी दाखवल्या की म्हणतो, श्रद्धेला पुरावा लागत नाही. वर विचारतो, देव नाही याचा तुझ्याकडे काय पुरावा? शेवटी तुम्ही आईबद्दलही लिहिलं आहे. ती आजारी आहे, नवस बोलते, तिच्याशी हा वाद घालावा का? मी भारतीय तत्त्वज्ञान शिकवतो, न्यायदर्शन, म्हणजे तर्क आणि पुरावा तपासण्याचं शास्त्र, हा मुख्य विषय. ईश्वराचं अनुमान वर्गात दरवर्षी उभं करायचं आणि दरवर्षी तपासायचं, हे माझं काम आहे. म्हणून उत्तर तिथूनच देतो.

आधी मित्राची चाल. गौतमाच्या न्यायसूत्रांत वादात माणूस हरला असं केव्हा धरायचं, त्याच्या 22 जागा सांगितल्या आहेत. त्यांना निग्रहस्थानं म्हणतात. त्यातलं एक आहे प्रतिज्ञासंन्यास: आपण मांडलेलं विधान समोरच्यानं खोडल्यावर त्या विधानातूनच अंग काढून घेणं. तुमचा मित्र नेमकं हेच करतो. विश्वाची रचना हा पुरावा त्यानं स्वतःहून आणला, तुम्ही मागितला नव्हता. पुरावा टिकला असता तर त्यानं विजय घेतलाच असता. तो टिकला नाही म्हटल्यावर पुराव्याची गरजच नव्हती असं म्हणायला आता उशीर झालेला असतो. ‘माझी श्रद्धा आहे, ती कुठल्या अनुमानावर उभी नाही’ ही भूमिका प्रामाणिक असू शकते, पण मग ती पहिल्या वाक्यातच सांगायला हवी. तसं झालं तर वादाचा विषय बदलतो. श्रद्धा ठेवणं योग्य की अयोग्य यावर बोलता येतं, विश्वाच्या कर्त्यावर नाही.

न्यायशास्त्राच्या याच शिस्तीत तुमचीही एक बाजू लंगडी पडते. स्वतःचा कुठलाच पक्ष न मांडता फक्त समोरच्याचं खोडत राहणं याला वितंडा म्हणतात. पुराव्याचा भार दावा करणाऱ्यावर असतो हे खरं, आणि मित्र म्हणतो ‘देव आहे’ तोवर भार त्याच्यावर आहे. पण तुम्ही जेव्हा ‘देव नाही’ असं ठामपणे म्हणता तेव्हा तोही दावाच असतो. त्याचा विचार पुढे करू.

‘श्रद्धेला पुरावा लागत नाही’ हे वाक्य आपल्याकडे जणू धर्माची मूळ भूमिका असल्यासारखं बोललं जातं, ते मला फार खटकतं. ईश्वराच्या बाजूनं भारतात सर्वांत ताकदीनं लढले ते मिथिलेचे उदयनाचार्य, दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमाराचे. त्यांचा ‘न्यायकुसुमांजली’ हा आख्खा ग्रंथ ईश्वरसिद्धीसाठी लिहिलेला आहे. पाच स्तबक, म्हणजे प्रकरणं, आहेत आणि प्रत्येकात विरोधकांचा एकेक आक्षेप घेऊन त्याला उत्तर दिलं आहे. आरंभी ते स्वतःच विचारतात की या ना त्या नावानं सगळेच ईश्वराला भजतात, मग त्याची चर्चा करायची कशाला? त्यावर त्यांचं उत्तर असं की श्रवणानंतर मनन यायचं असतं, ही न्यायचर्चा म्हणजे तेच मनन, आणि ती उपासनाच आहे. म्हणजे पूजेला बसावं तसा हा माणूस पुरावा तपासायला बसतो. त्यांच्याबद्दल एक आख्यायिकाही आहे. पुरीला गेले तेव्हा मंदिराचं दार बंद होतं. त्यांनी जगन्नाथाला सुनावलं, ऐश्वर्याच्या मदात आज माझी उपेक्षा करतोस, पण ईश्वर न मानणारे बौद्ध समोर आले की तुझं अस्तित्व माझ्याच हातात असतं. आख्यायिका असली तरी ती भाविकांनीच जपली आहे हे लक्षात घ्या. देवाला तर्काची गरज लागते हे म्हणण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

आता तो तर्क जवळून बघू, कारण तुमच्या मित्राचा मुद्दा त्याचंच सैल रूप आहे. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, म्हणतात: पृथ्वी, अंकुर इत्यादींना कर्ता आहे, कारण ती कार्यं आहेत. जे जे कार्य असतं त्याला कर्ता असतो, उदाहरणार्थ घट. इथे कार्य म्हणजे आधी नव्हतं आणि नंतर झालं ते. आणि कर्ता म्हणजे नुसतं कारण नव्हे. ज्याला सामग्रीचं प्रत्यक्ष ज्ञान आहे, ती वस्तू करायची इच्छा आहे आणि तसा प्रयत्न आहे, तो कर्ता. घटाच्या बाबतीत कुंभार या तिन्ही अटी पुऱ्या करतो. जगाच्या बाबतीत सामग्री म्हणजे परमाणू, त्यांचं प्रत्यक्ष ज्ञान तुम्हा-आम्हाला नाही. ज्याला आहे तो सर्वज्ञ, तोच ईश्वर. हा ईश्वर शून्यातून जग निर्माण करत नाही. न्यायमतात परमाणू नित्य आहेत, तो त्यांची जुळणी करतो. वाद घालताना हे विचारायला विसरू नका की मित्राच्या मनातला कर्ता सामग्री घेऊन काम करणारा आहे की सामग्रीही उत्पन्न करणारा. अनेक वाद इथेच गोंधळतात, कारण पुरावा एका देवाचा दिला जातो आणि निष्कर्ष दुसऱ्याचा काढला जातो.

या अनुमानावरचा माझ्या मते सर्वांत भेदक घाव सातव्या शतकातल्या धर्मकीर्ती या बौद्ध तत्त्वज्ञाचा आहे. तो ‘प्रमाणवार्तिका’त विचारतो: घट हा मातीचा विकार आहे आणि तो कुंभारानं केलेला आहे. वारूळ हाही मातीचाच विकार. मग वारूळही कुंभारानं केलं असं म्हणायचं का? मुद्दा नीट समजून घ्या, कारण वर्गात पहिल्यांदा वाचताना पुष्कळ जण तो हुकवतात. पडकं देऊळ दिसलं तर बांधणारा न पाहताही आपण म्हणतो की हे कुणीतरी बांधलं. हे अनुमान बरोबर आहे. पण ते बरोबर असतं कारण त्या जातीची रचना माणसं करतात हे आपण आधी पाहिलेलं असतं. रचना आणि कर्ता यांचं साहचर्य त्या जातीपुरतं सिद्ध असतं. डोंगरालाही ‘रचना’ म्हटलं आणि देवळालाही, एवढ्यानं ते साहचर्य डोंगराला लागू होत नाही. नाहीतर, धर्मकीर्ती म्हणतो, धूर पांढुरका असतो म्हणून कुठलीही पांढुरकी वस्तू दिसली की अग्नीचं अनुमान करावं लागेल.

वारुळाचं उदाहरण आज आणखी बोलकं झालं आहे. वारूळ वाळवी बांधते. त्यात हवा खेळती ठेवणारे मार्ग असतात, कप्पे असतात, आणि तरी कुठल्याही एका वाळवीला संपूर्ण आराखडा ठाऊक नसतो. पियेर-पॉल ग्रासे या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1959 मध्ये दाखवलं की आधीच्या वाळवीनं ठेवलेला मातीचा कणच पुढचीला पुढचा कण कुठे ठेवायचा याची चेतना देतो. नेटकी रचना आहे, करणारे आहेत, पण रचनेचं ज्ञान आणि तशी इच्छा असलेला कर्ता नाही. ‘रचना आहे म्हणून योजनाकार आहे’ ही व्याप्ती, म्हणजे दोन गोष्टींच्या कायमच्या साहचर्याचा नियम, इथे डोळ्यांसमोर मोडते. डार्विननं 1859 मध्ये जीवसृष्टीबद्दल जे दाखवलं त्याची जातकुळी हीच. तुमचा मित्र भौतिकशास्त्र वाचलेला असेल तर तो विश्वाच्या स्थिरांकांवर येईल: ते जरा वेगळे असते तर तारे आणि जीव घडलेच नसते. हा मुद्दा ‘घड्याळ आहे म्हणजे घड्याळजी असणारच’ या जुन्या युक्तिवादापेक्षा बळकट आहे, कारण नैसर्गिक निवडीचं उत्तर त्याला लागू पडत नाही. पण ‘याचं स्पष्टीकरण अजून मिळालेलं नाही’ इथून ‘म्हणून ज्ञान, इच्छा, प्रयत्न असलेला कुणी आहे’ इथवर जायला पूल तोच लागतो, आणि तो पूल धर्मकीर्तीनं तपासून झालेला आहे.

आणखी एक आक्षेप, शरीराचा. आपण पाहिलेला प्रत्येक कर्ता देहधारी आहे. अंकुराच्या कर्त्याला देह नसेल तर घटाच्या उदाहरणावरून त्याचं अनुमान कसं करता? नैयायिक याला कच्चे नाहीत. ते म्हणतात, कर्तेपण ज्ञान-इच्छा-प्रयत्नांवर ठरतं, शरीर तिथे असलं तरी ते कर्तेपणाचं नियामक नाही. नंतरच्या काळातला थोर नैयायिक गंगेश याच्यापर्यंत आणि त्याच्याही पुढे या एका प्रश्नावर पानंच्या पानं खर्ची पडली. माझं मत सांगतो. ज्ञान, इच्छा आणि प्रयत्नसुद्धा आपण शरीराविना कधी पाहिलेले नाहीत. शिवाय ईश्वराचं ज्ञान नित्य, इच्छा नित्य, प्रयत्नही नित्य असं न्यायाला म्हणावं लागतं, आणि नित्य प्रयत्न कुणी कुठेच पाहिलेला नाही. उदाहरणातून एकेक गोष्ट वगळत गेल्यावर शेवटी उदाहरण उरतच नाही. म्हणून अनुमानानं ईश्वर सिद्ध होत नाही, या निष्कर्षावर मी आलो आहे. उदयनाचार्यांबद्दलचा माझा आदर त्यामुळे कमी होत नाही.

हा निष्कर्ष काढणारे सगळे नास्तिक होते असंही नाही. हे तुमच्या मित्राला अवश्य सांगा, कारण त्याला श्रद्धेची सर्वांत सन्मानाची जागा इथे सापडेल. रामानुजाचार्यांसारखा भक्त ‘श्रीभाष्या’त ‘शास्त्रयोनित्वात्’ या ब्रह्मसूत्रावर लिहिताना ईश्वराचं अनुमान स्वतःच मोडून काढतो. तो म्हणतो, मोठे प्रासाद, रथ पुष्कळ कारागीर मिळून बांधतात, मग जगाचा कर्ता एकच कशावरून? पृथ्वी आणि पर्वत सगळे एकाच वेळी झाले हे कुणी पाहिलं? घटावरून गेलात तर मर्यादित ज्ञानाचा, देहधारी कर्ताच हाती येईल. त्याच्या मते ब्रह्म फक्त श्रुतीनं, म्हणजे वेदांवरून, कळतं. ही भूमिका स्वच्छ आहे. ती पुराव्याच्या मैदानात उतरून नंतर पळ काढत नाही. अर्थात तिला तिचा प्रश्न आहेच: श्रुती प्रमाण का मानायची? ईश्वरानं सांगितली म्हणून म्हटलं तर अन्योन्याश्रय होतो, ईश्वर श्रुतीवर आणि श्रुती ईश्वरावर. ती अपौरुषेय आहे, कुणीच रचलेली नाही, असं म्हटलं तर मीमांसक, म्हणजे वेदांतल्या कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाचे लोक, हसून म्हणतील, मग ईश्वराची गरज काय? वेद शिरोधार्य मानणाऱ्या कुमारिल भट्ट या मीमांसकानं जगाचा कर्ता असलेला ईश्वर नाकारला आहे. त्याचा प्रश्न अजून कुणाला टाळता आलेला नाही: करुणेनं जग निर्माण केलं म्हणाल, तर निर्मितीपूर्वी दुःखी जीवच नव्हते, करुणा कुणावर केली? आणि करुणाच असती तर त्यानं फक्त शुभच निर्माण केलं असतं. नैयायिक यावर कर्माचा आधार घेतात, ज्याचं त्याचं कर्म तसं फळ. पण मग फळाचा हिशेब कर्मच ठरवत असेल तर ईश्वराकडे नेमकं कोणतं काम उरतं, हा प्रश्न पाठोपाठ येतोच.

मित्र कदाचित अनुभवाची साक्ष काढेल. संतांना दर्शन झालं, मलाही एकदा प्रचीती आली. याला मी कधीच हसत नाही, तुम्हीही हसू नका. ज्याला अनुभव आला त्याच्या आयुष्यात तो खरोखर घडलेला असतो. पण तो दुसऱ्यासाठी पुरावा व्हायचा तर अडचण येते. मीमांसकांचा जुना सवाल आहे: बुद्ध सर्वज्ञ असेल तर सांख्यदर्शनाचा कपिल सर्वज्ञ नाही याला प्रमाण काय? आणि दोघेही सर्वज्ञ असतील तर त्यांच्यात मतभेद कसे? एकाला विठ्ठलाचा अनुभव येतो, दुसऱ्याला येशूचा, तिसऱ्याला समाधीत कुणीच भेटत नाही. अनुभव खरा असला तरी त्याचा अर्थ अनुभवाच्या बाहेरून येतो. आपले तुकोबाही एका अभंगात म्हणून गेले, ‘आहे ऐसा देव वदवावी वाणी । नाहीं ऐसा मनीं अनुभवावा ॥’ या ओळीचे अर्थ विद्वान वेगवेगळे लावतात. मी एवढंच म्हणेन की ज्यानं अनुभवाच्या जोरावर आयुष्य काढलं त्यानंही ‘आहे’ आणि ‘नाही’ यांचा सोपा हिशेब मांडलेला नाही.

आता ‘देव नाही याचा पुरावा दे’. इथे मला उदयनाचार्यांची बाजू घ्यायची आहे. तिसऱ्या स्तबकात ते सांगतात की न दिसण्यावरून नसणं तेव्हाच सिद्ध होतं, जेव्हा ती वस्तू असती तर दिसलीच असती. टेबलावर घट दिसत नाही म्हणजे तो नाही, कारण असता तर दिसला असता. परमाणू दिसत नाही यावरून तो नाही असं म्हणता येत नाही, कारण तो डोळ्यांना दिसण्याजोगा नाहीच. याला योग्यानुपलब्धी म्हणतात, आणि या वादात इतकं कामाचं हत्यार दुसरं नाही. ते दोन्ही बाजूंना कापतं. जगात कुठेही ढवळाढवळ न करणारा, कुठलाही परिणाम न घडवणारा ईश्वर नाही, हे तुम्ही सिद्ध करू शकणार नाही. तसा प्रयत्न सोडून द्या. पण प्रार्थना केली की रोगी बरा करणारा देव आहे असं म्हटलं की परिस्थिती बदलते. तो असता तर परिणाम दिसायला हवा. शोधूनही दिसला नाही तर ते न दिसणं पुरावा ठरतं.

असा शोध झालेला आहे. 2006 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 6 रुग्णालयांत हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेले 1802 रुग्ण, त्यांचे तीन गट. दोन गटांना सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही. त्यातल्या एकासाठी प्रार्थना झाली, दुसऱ्यासाठी झाली नाही. तिसऱ्या गटाला नक्की सांगितलं की प्रार्थना होणार आहे, आणि ती झाली. शस्त्रक्रियेनंतर 30 दिवसांत गुंतागुंत झालेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात 52 टक्के, प्रार्थना न झालेल्यांत 51 टक्के, आणि आपल्यासाठी प्रार्थना होते आहे हे ठाऊक असलेल्यांत 59 टक्के निघालं. यावरून देव नाही असं सिद्ध होत नाही. अनोळखी माणसांनी दुरून केलेल्या प्रार्थनेनं शस्त्रक्रियेतली गुंतागुंत कमी होते, या एका दाव्याला आधार मिळाला नाही, एवढंच. मित्र म्हणेल, देवाची परीक्षा घेता येत नाही. मान्य करा. पण मग त्याला हेही मान्य करावं लागेल की ‘माझ्या मामांसाठी प्रार्थना केली आणि ते वाचले’ हाही पुरावा म्हणून आणता येणार नाही. आकडे चालत नसतील तर किस्सेही चालत नाहीत.

एका गोष्टीवर मात्र मी दोन्ही बाजूंशी भांडतो. ईश्वराचा वाद आणि अंधश्रद्धेचा वाद हे एकच आहेत असं समजू नका. महाराष्ट्रात डॉ. श्रीराम लागू परमेश्वराला रिटायर करा म्हणत होते आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर म्हणत होते की अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा देवाधर्माला विरोध नाही, शोषणाला आहे. दोघे एका व्यासपीठावर येऊन हा मतभेद लोकांसमोर मांडत. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या कायद्यात ईश्वराच्या अस्तित्वाबद्दल एक अक्षर नाही. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा मात्र गुन्हा ठरवला आहे. ही रेषा बरोबर ठिकाणी आखली आहे असं मला वाटतं. ज्या विश्वासाची किंमत दुसऱ्याच्या जिवानं चुकवावी लागते त्याला पुरावा मागायचा हक्क सगळ्यांना आहे, आणि तो मागताना संकोच करू नये.

तुमच्या आईचं यावरूनच ठरवा. नवस बोलताना ती विश्वाचा कर्ता सिद्ध करायला बसलेली नसते, त्यामुळे तिला कार्यत्व आणि व्याप्ती ऐकवण्यात अर्थ नाही. ती विचारेल तेव्हा तुमचं मत खोटं न बोलता सांगा, तेवढं पुरे. पण नवस बोलली म्हणून तिनं औषधं थांबवली किंवा तपासणी पुढे ढकलली, तर त्याच दिवशी बोला. तेव्हा विषय औषधांचाच ठेवा. देव आहे की नाही हे तिथे काढलंत तर ती देवाची बाजू घेईल आणि गोळ्यांचं बोलणं राहून जाईल. शक्य असेल तर तिच्या डॉक्टरांनाच सांगायला लावा की नवस फेडायला जायचं तेव्हा जा, पण त्या दिवशीची गोळीही चुकवू नका.